कोवळ्या ज्वारीतलं विष

मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. पावसाळा सरता सरता पेरलेली ही ज्वारी पुढे काळ्या रानात मुरलेल्या ओलीवरच जगते. दाणा भरायच्या सुमारास तीही खोल गेलेली असते.

ओल तुटली की पेशींत अ‍ॅब्सिसिक आम्ल वाढतं. पानावरच्या प्रत्येक रंध्राला दोन रक्षक पेशी असतात. त्यांतल्या ज्या ग्राहक प्रथिनांना हे आम्ल चिकटतं, त्यांचा शोध २००९ साली लागला. आम्ल चिकटलं की पेशीतले क्षार बाहेर पडतात, त्यांच्यामागून पाणी जातं, पेशी ढिली पडते आणि रंध्र मिटतं. पाणी वाचतं, पण कार्बन डायऑक्साइडची वाटही बंद होते. अन्न कमी तयार होतं आणि कणीस तर भरायचंच असतं. मग ताटातली साखर कणसाकडे ओढली जाते, ताट अशक्त होतं आणि मातीतली बुरशी मुळांतून खोडात शिरते. हाच खडखड्या रोग. ओल पुरेशी असेल, तर तीच बुरशी फारसं नुकसान करत नाही. शेतीच्या पुस्तकांत अवर्षण आणि रोग ही वेगळी प्रकरणं असतात. पिकाच्या पेशीत ती वेगळी काढता येत नाहीत.

तरी ज्वारी मुकाट्याने मार खात नाही. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात स्नायडर आणि निकोलसन यांनी १९९० साली एक विलक्षण गोष्ट दाखवली. बुरशी ज्या पेशीत घुसू पाहते, तिथे नारिंगी-तांबडे सूक्ष्म कण तयार होतात. ते बुरशीच्या दिशेने सरकतात आणि फुटतात. त्यांतल्या द्रव्याने बुरशी मरते आणि ती पेशीही मरते. शेजारच्या पेशी वाचतात.

दुसरं शस्त्र म्हणजे धुरिन. १९०२ मध्ये डन्स्टन आणि हेन्री यांनी ते ज्वारीतून वेगळं केलं. पानाच्या बाहेरच्या थरातल्या पेशींमध्ये धुरिन असतं, ते फोडणारं विकर आतल्या थरात. जणू दारू एका खोलीत आणि काडी दुसरीत. किड्याने किंवा गुराने पान चावलं की दोन्ही एकत्र येतात आणि हायड्रोजन सायनाइड सुटतो. तो खाणाऱ्याच्या पेशींचा श्वासच अडवतो. कोवळ्या रोपात धुरिन जास्त, आणि पाण्याचा ताण बसला की आणखी वाढतं. दुष्काळातही हिरवी राहणाऱ्या वाणांच्या पानांत ते अधिक आढळलं आहे, त्यामुळे हे विष नायट्रोजनचा साठाही असावं, असा अभ्यासकांचा कयास आहे. मला तो पटतो. टंचाईत झाडाने निव्वळ शस्त्रावर एवढा खर्च करावा, हे संभवत नाही.

वैरणीची चणचण असलेल्या वर्षी हे लक्षात ठेवायला हवं. कापणीनंतर खोडातून फुटलेले हिरवे फुटवे आणि ताणावरची गुडघाभर ज्वारी भुकेल्या जनावराला सर्वांत आधी दिसते. तिथे गुरं सोडू नका. चरून आलेलं जनावर धापा टाकू लागलं, थरथरू लागलं, तर घरगुती उपायांत वेळ न दवडता पशुवैद्यकाला बोलवा.