संगणकाचे उत्तर, अभियंत्याची सही

यंत्रातील साधे ब्रॅकेट तयार करायचे म्हटले, तरी डिझाइन विभागाला अनेक प्रश्न सोडवावे लागतात. त्यावर भार किती येणार, ते किती वाकले तर चालेल, धातू कोणता वापरायचा, हे ठरल्यावरच ड्रॉइंग कारखान्यात जाते. १९८२मध्ये आलेल्या ऑटोकॅडसारख्या प्रणालींनी ड्रॉइंग बोर्ड हळूहळू अडगळीत टाकला. नोव्हेंबर २०२२मध्ये चॅटजीपीटी सर्वांसाठी खुले झाले आणि त्यानंतर कृत्रिम बुद्धिमत्तेचे मदतनीस अभियंत्याच्या टेबलावर येऊन बसले. त्यांच्यावर किती विसंबायचे, हा प्रश्न पुणे, नाशिक, कोल्हापूर यांसारख्या यंत्रउद्योगाच्या शहरांनाही टाळता येणार नाही.

या मदतनिसांचे ढोबळ मानाने दोन प्रकार आहेत. पहिला प्रकार आकार सुचवणारा. जनरल मोटर्सने ऑटोडेस्कच्या साह्याने २०१८मध्ये आसनाचे एक ब्रॅकेट अशा पद्धतीने नव्याने तयार केले. संगणकाने दीडशेहून अधिक पर्याय पुढे ठेवले. निवडलेल्या आराखड्यात आठ सुट्या भागांच्या जागी एकच भाग आला. तो ४० टक्के हलका आणि २० टक्के अधिक मजबूत होता. दुसरा प्रकार संभाषणातून मदत करणारा. सूत्र आठवून देणे, गणनेसाठी छोटा प्रोग्रॅम लिहिणे, तपासणीची यादी करणे ही कामे तो झटपट करतो.

मात्र अशा मदतनिसाची भाषा उत्तर बरोबर असो वा चूक, सारखीच ठाम असते. समजा, एका टोकाला घट्ट बसवलेली पोलादी पट्टी २०० मिलिमीटर पुढे आली आहे. तिची रुंदी ५० व जाडी १० मिलिमीटर आहे. मोकळ्या टोकावर ५०० न्यूटन, म्हणजे सुमारे ५० किलोचा भार दिला, तर ते टोक साधारण १.६ मिलिमीटर खाली जाते. हा वाक कमी करण्यासाठी ‘अधिक मजबूत पोलाद वापरा’ असा सल्ला मिळाला, तर तो वरवर पटण्याजोगा वाटेल; पण तो चूक आहे. वाक ठरवणारा यंगचा स्थितिस्थापकता गुणांक साध्या आणि उच्च प्रतीच्या पोलादात जवळजवळ सारखाच, म्हणजे सुमारे २०० गिगापास्कल असतो. महागड्या पोलादाची पट्टी तुटण्यापूर्वी अधिक भार सोसेल, पण वाकेल तेवढीच. जाडी दुप्पट केली, तर मात्र वाक एक-अष्टमांशावर, म्हणजे ०.२ मिलिमीटरवर येतो. हा पडताळा कागदावर पाच मिनिटांत होतो. परंतु तो घ्यायला हवा, हे मूलतत्त्वे ठाऊक असलेल्यालाच सुचते.

संगणकाच्या उत्तरावर विसंबण्याची किंमत अभियांत्रिकीने पूर्वीही मोजली आहे. उत्तर समुद्रातील स्लाइप्नर-ए या वायू उत्पादन मंचाचा काँक्रीटचा पाया २३ ऑगस्ट १९९१ रोजी नॉर्वेच्या किनाऱ्याजवळ चाचणी सुरू असताना बुडाला. नुकसान सुमारे ७० कोटी डॉलरचे झाले. फायनाइट एलिमेंट पद्धतीच्या गणनेत भिंतींच्या सांध्यातील कर्तन ताण ४७ टक्क्यांनी कमी आला होता. सॉफ्टवेअर बिघडले नव्हते. त्या जागी गणनेसाठी आखलेली जाळी सदोष होती. अपघातानंतरच्या अधिक काटेकोर गणनेनुसार पाया ६२ मीटर खोलीवर निकामी व्हायला हवा होता. प्रत्यक्षात तो ६५ मीटरवर झाला. चूक सापडण्याजोगी होती, पण वेळीच कोणी शोधली नाही.

म्हणूनच मदतनिसाने सुचवलेला प्रत्येक आकडा स्वतंत्र मार्गाने पडताळणे, मानकाचा उल्लेख आला तर मूळ मानक उघडून पाहणे आणि महत्त्वाच्या भागाची प्रत्यक्ष चाचणी घेणे, ही शिस्त आवश्यक ठरते. ग्राहकाचे गोपनीय ड्रॉइंग बाहेरच्या सेवेकडे पाठवण्यापूर्वी परवानगी घेणेही तितकेच गरजेचे आहे. नवख्या अभियंत्यांना सुरुवातीची काही वर्षे हाताने गणना करू देणे कंपन्यांच्याच हिताचे आहे; अन्यथा उद्या या उत्तरांतील चूक ओळखणारेच उरणार नाहीत. पर्याय कितीही जणांनी वा यंत्रांनी सुचवले, तरी ड्रॉइंगच्या कोपऱ्यातील सही माणसाचीच असते आणि भाग तुटला तर जाब त्यालाच द्यावा लागतो.