शून्य कुणाचं धरायचं?

ऱ्हाइन नदीवर लाउफेनबुर्गला जर्मनी आणि स्वित्झर्लंडला जोडणारा पूल बांधताना २००३ मध्ये लक्षात आलं, की पुलाच्या दोन बाजूंच्या उंचीत ५४ सेंटिमीटरची तफावत आहे. जर्मनीची समुद्रसपाटी उत्तर समुद्राची, स्वित्झर्लंडची भूमध्य समुद्राची. त्यातला २७ सेंटिमीटरचा फरक अभियंत्यांना ठाऊक होता, बरं का! पण दुरुस्ती करताना अधिक-उण्याचं चिन्ह उलटं पडलं आणि फरक मिटायच्या ऐवजी दुप्पट झाला.

संगणकावरच्या इमारतीचंही तेच. आर्किटेक्टच्या मॉडेलचा शून्यबिंदू एक, स्ट्रक्चरल इंजिनिअरचा दुसरा. दोन्ही जोडली की खांब भिंतीबाहेर! म्हणून रेव्हिट या इमारतींची मॉडेल बनवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये साइटचं मॉडेल प्रमाण मानून बाकीच्यांनी त्याचे निर्देशांक घ्यायचे. मॉडेल नुसतं माउसने ओढून जुळवणं म्हणजे माझ्या मते निव्वळ आळस.