आवडीच्या गाण्यांची यादी

गेल्या पावसाळ्यात आमच्या अभ्यासमंडळातल्या एका विद्यार्थ्याने मला विचारले, "सर, गेल्या साठ-सत्तर वर्षांतली तुमच्या आवडीची गाणी सांगा. कोणत्याही प्रकारची चालतील." प्रश्न साधा होता. घरी येऊन कागद घेतला, चार नावे लिहिली आणि थांबलो. ज्यांना गाणे केवळ ऐकायला मिळाले त्यांना अशी यादी करणे सोपे जाते. आमच्या माणसांनी गाण्यासाठी राबणूक केली, अपमान सोसला, आणि गाण्यातूनच लढाही दिला. म्हणून आवड सांगायची तर तिचा हिशेबही सांगावा लागतो.

यादीत पहिली माझ्या आईची जात्यावरची ओवी. संगमनेर तालुक्यातल्या आमच्या वस्तीत पहाटे जाते सुरू झाले की झोपेतच तिचा आवाज ऐकू येई. भाऊ, माहेर, विठ्ठल हे ओवीचे जुने विषय. त्याच चालीत पुढे भीमराया आला, नागपूरची दीक्षा आली. आईला अक्षरओळख नव्हती. सभेत ऐकलेले ती दुसऱ्या दिवशी ओवीत बसवून दळत असे. आमच्या घरातले पहिले वैचारिक साहित्य ते हेच.

दुसरी लावणी. संगमनेरजवळचे हिवरगाव पावसा हे पवळाबाईंचे गाव. महार घरात जन्मलेल्या या बाईने पठ्ठे बापूरावांच्या फडात आपल्या गळ्याने आणि पायाने महाराष्ट्र जिंकला. बापूराव (१८६६–१९४५) म्हणजे रेठरे हरणाक्षचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी. जात सोडून फडावर आले म्हणून त्यांचे कौतुक झाले, ते व्हावेही. पण पवळाबाईंजवळ सोडण्यासारखे काहीच नव्हते, म्हणून त्यांचे कौतुक राहून गेले.

चळवळीत एक हकीकत सांगितली जाते. १९२७ च्या महाड सत्याग्रहासाठी बापूरावांनी तमाशाच्या उत्पन्नातून पैसे देऊ केले आणि बाबासाहेबांनी ते नाकारले. आमच्या स्त्रियांना नाचवून मिळालेला पैसा त्यांना नको होता. मला लावणी आवडते आणि हा नकारही पटतो. यात विसंगती आहे असे काहींना वाटेल. मला वाटत नाही. नकार गाण्याला नव्हता. एका जातीच्या बाईने नाचावे आणि इतरांनी दौलतजादा करावी, या व्यवस्थेला तो नकार होता. गाण्याचेच वावडे असते तर बाबासाहेबांनी जलसे चळवळीत वाढू दिले नसते, आणि उतारवयात स्वतः व्हायोलिनचे धडे घेतले नसते.

तिसरा जलसा. तमाशाची रचना गण, गवळण, बतावणी, लावणी आणि वग अशी. सत्यशोधकांनी ती उचलली आणि आतला माल बदलला. पुढे भीमराव कर्डकांसारख्या शाहिरांनी १९३० नंतरच्या काळात आंबेडकरी जलसा गावोगाव नेला. वाद्ये ओळखीची, ठेका ओळखीचा. पण गवळणींची थट्टा जाऊन सवाल आला: मुलाला शाळेत का घालत नाहीस? मेलेले ढोर का ओढतोस? ज्या साच्यात आमची करमणूक म्हणून विक्री झाली, त्याच साच्यातून आमचे शिक्षण सुरू झाले. साचा दोषी नव्हता, त्याचा मालक कोण हा प्रश्न होता.

चौथे नाव वामनदादा कर्डकांचे. देशवंडी, तालुका सिन्नर. आमच्या तालुक्याची शीव ओलांडली की सिन्नर. जन्म १९२२, निधन २००४. त्यांनी पहिले गाणे १९४३ साली रचले, तेही एका हिंदी सिनेगीताचे विडंबन म्हणून. भीमगीते सिनेमाच्या चाली उचलतात असा आक्षेप सुशिक्षित मित्र घेतात. त्यांनी वस्तीचे अर्थकारण समजून घ्यावे. संगीतकाराला द्यायला पैसा नाही, वाद्ये उसनी, श्रोता दिवसभर राबून आलेला. कानात आधीच बसलेल्या चालीवर नवे शब्द एका रात्रीत पाठ होतात. आणि ती चाल तरी आम्हांला कोठे मिळाली? बुधवारी रात्री हॉटेलच्या रेडिओवर बिनाका गीतमाला लागे, आम्ही पोरे बाहेर उभी राहून ऐकत असू. आत बसायला पैसे नव्हते. म्हणून सिनेमाची गाणीही माझ्या यादीत आहेत. ती आम्ही रस्त्यावर उभे राहून कमावली आहेत.

पाचवे नाव प्रल्हाद शिंदे (१९३३–२००४). इस्माईल आझाद कव्वालांच्या साथीत कोरस गात घडलेला हा गळा. वस्तीत त्यांची भीमगीते आणि कव्वाल्या, तर गावात देवळाच्या कर्ण्यावर त्यांचीच विठ्ठलाची गाणी. मी शिक्षक असताना एका गावच्या देवळासमोरून रोज जात असे. आमच्या माणसांनी तेथे पायरीपाशी थांबायचे, अशी जुनी रीत मोडून फार दिवस झाले नव्हते. आणि पहाटे त्याच गाभाऱ्यात आमच्याच माणसाचा आवाज घुमे. त्याला कोणी अडवीत नव्हते. गळा चालतो, माणूस चालत नाही.

हे सारे जुने झाले असे विद्यार्थ्यांनी समजू नये. १६ मे २०१५ रोजी आमच्याच जिल्ह्यात, शिर्डीत, नर्सिंगचे शिक्षण घेणाऱ्या एका दलित तरुणाचा मोबाईल वाजला. त्यावर बाबासाहेबांवरचे गाणे होते. त्यावरून वाद झाला, मग त्याला उचलून नेऊन ठार मारण्यात आले, असे तक्रारीत नोंदले गेले. आपल्या आवडीचे गाणे वाजवणे हा या जिल्ह्यात जिवाचा प्रश्न होऊ शकतो. आवडीला राजकारणापासून वेगळे ठेवा, असा सल्ला देणाऱ्यांनी त्या घरी जाऊन तो द्यावा.

विद्यार्थ्याला मी शेवटी यादी दिली. पण प्रत्येक गाण्यासमोर चार गोष्टी लिहून दिल्या: कोणी गायले, कोणासाठी गायले, कोणाच्या पैशावर गायले, आणि आम्ही ते कोठे उभे राहून ऐकले. शिर्डीच्या मोबाईलवरचे गाणे यादीत शेवटी आहे.

शिक्षक आणि कार्यकर्त्या मित्रांना माझी एक सूचना आहे. आपल्या वस्तीतल्या म्हाताऱ्या बायांना आणि थकलेल्या शाहिरांना याच चार गोष्टी विचारा, आणि उत्तरे गाण्यासकट उतरवून घ्या. जाती गेली, ढोलकीच्या पुड्या फाटल्या, कॅसेटच्या फिती सडल्या. माणसे अजून आहेत. उशीर करू नका.