बापाने मुलीला दिलेले तर्पण

घरातल्या माणसाच्या मृत्यूवर कविता लिहिताना एक अडचण येते. 'दुःख' हा शब्द कितीही वेळा लिहिला तरी तेवढ्याने ऐकणाऱ्याच्या मनात काही हलत नाही. मग कवी काय करतो? आज आपण सूर्यकांत त्रिपाठी 'निराला' यांच्या 'सरोज स्मृति' या हिंदी शोककवितेतून ते पाहू.

सरोज ही निरालांची मुलगी. आई लवकर गेली, म्हणून ती आजोळी वाढली. १९३५ साली, एकोणिसाव्या वर्षात पाऊल टाकताच तीही गेली. त्याच वर्षी ही कविता लिहिली गेली.

आधी प्रतिमा पाहू. सरोजच्या आयुष्याची अठरा वर्षं कवितेत अठरा अध्याय होतात, आणि आपल्याला लगेच गीता आठवते. आयुष्य लहान होतं, पण अपुरं नव्हतं, असं बाप स्वतःला समजावतो आहे.

मग येतं लग्न. आमंत्रणं नाहीत, नातेवाईक नाहीत, रात्रभर चालणारी लग्नगीतं नाहीत. आईने द्यायची शिकवण बाप देतो, फुलांची शेजही तोच सजवतो. नववधूच्या रूपात त्याला आपली गेलेली पत्नी दिसते. म्हणजे एका आनंदाच्या प्रसंगात दोन मृत्यू उभे आहेत, एक झालेला आणि एक होणारा.

शेवटी तर्पण. रीत अशी, की मुलांनी आईवडिलांना तर्पण द्यायचं. इथे बाप आपल्या गतकर्मांचं पुण्य मुलीला अर्पण करतो. क्रम उलटा झाला आहे, आणि खरा घाव तिथेच आहे.

आता नाद. मुक्तछंदाचे प्रवर्तक म्हणून ओळखले जाणारे निराला इथे सोळा मात्रांच्या, यमक जुळवलेल्या ओळी लिहितात. पण वाक्य ओळीच्या शेवटी थांबेलच असं नाही. ते पुष्कळदा पुढच्या ओळीत उतरतं. छंद बांधून ठेवतो आणि वाक्य ओसंडतं. आवाज सांभाळत बोलणाऱ्या माणसासारखं हे ऐकू येतं. सुरुवातीला भारदस्त संस्कृत समास आहेत. शेवटाकडे, जिथे बाप आपल्या दुःखाबद्दल सरळ बोलतो, तिथे शब्द साधे होतात.

आणि सर्वांत बोलका नाद आहे तो न झालेल्या गाण्यांचा. लग्नघरातली शांतताच तिथे संगीत बनते.

हिंदी येत असेल तर ही कविता मनात न वाचता मोठ्याने वाचा. वाक्य ओळ ओलांडून जातं तिथे आपला श्वास कुठे अडतो, तेवढं बघा.