बंगलेवाल्यांचा कौल

1964 च्या अध्यक्षीय निवडणुकीत रिपब्लिकन पक्षाचे बॅरी गोल्डवॉटर सपाटून हरले. 50 पैकी अवघी 6 राज्ये त्यांच्या पदरात पडली. कॅलिफोर्नियानेही त्यांना नाकारले, पण त्याच राज्यातल्या ऑरेंज काउंटीने सुमारे 56 टक्के मते त्यांच्या झोळीत टाकली. करांना, सरकारी योजनांना आणि कम्युनिझमला कडाडून विरोध करणारा हा उमेदवार देशाला फारच जहाल वाटला होता. लॉस एंजेलिसच्या दक्षिणेकडच्या या सुखवस्तू उपनगरी पट्ट्याला मात्र तो आपला वाटला.

का? ‘पैसेवाल्यांना कर नको असतो, म्हणून ते उजवीकडे झुकतात,’ हे उत्तर चटकन सुचते, पण ते पुरत नाही. सॅन फ्रान्सिस्कोहून गोल्डन गेट पूल ओलांडला की मरिन काउंटी लागते. ती ऑरेंज काउंटीहूनही श्रीमंत. तरी 2020 मध्ये तिथल्या दर पाचांतल्या चाराहून अधिक मतदारांनी डेमोक्रॅट जो बायडन यांना मत दिले. म्हणजे खिशात किती आहे यापेक्षा वस्ती कोणी, कधी आणि कशाच्या जोरावर वसवली, हे पाहावे लागते.

ऑरेंज काउंटीची लोकसंख्या 1940 मध्ये जेमतेम 1 लाख 30 हजार होती. 1970 पर्यंत ती 14 लाखांवर गेली. संत्र्यांच्या बागा तोडून घरांच्या रांगा उभ्या राहिल्या आणि 1955 मध्ये अ‍ॅनाहाइमला डिस्नेलँड उघडले. पण खरा रोजगार दिला तो शीतयुद्धाने. फुलर्टनला ह्यूज एअरक्राफ्ट, अ‍ॅनाहाइमला ऑटोनेटिक्स, एल टोरोला मरीन सैनिकांचा विमानतळ. रडार आणि क्षेपणास्त्रांच्या यंत्रणांवर काम करणाऱ्या इंजिनिअरच्या घरी कम्युनिझमचा विरोध हा निव्वळ विचार नव्हता. महिन्याचा पगारही त्यावरच होता.

यातले बरेच जण मिडवेस्टमधून आणि दक्षिणेतून आलेले, धार्मिक वळणाचे. गाव सुटले, गोतावळा सुटला. ती पोकळी चर्चने भरून काढली. रॉबर्ट शुलर या धर्मोपदेशकाने 1955 मध्ये गाडीत बसून सिनेमा पाहायचे एक थिएटर रविवारपुरते भाड्याने घेतले आणि तिथल्या खाद्यपदार्थांच्या स्टॉलच्या छपरावर उभे राहून प्रवचने सुरू केली. श्रोते आपापल्या मोटारीत. राजकारणही असेच घरगुती होते. इतिहासकार लिसा मॅकगर यांनी ‘सबर्बन वॉरियर्स’ या 2001 च्या पुस्तकात या चळवळीचा अभ्यास केला आहे. दिवाणखान्यातल्या कॉफीपानाच्या बैठका, शाळेच्या पाठ्यपुस्तकांवरून होणारे वाद, दारोदार प्रचार करणाऱ्या गृहिणी, यांतून गोल्डवॉटर यांची फौज उभी राहिली.

यातली गंमत अशी, की सरकार नको म्हणणारी ही वस्ती सरकारनेच उभी केली होती. कारखान्यांना संरक्षण खात्याची कंत्राटे, माजी सैनिकांना सरकारी हमीची गृहकर्जे, ऑफिसला जायला सरकारी महामार्ग. पण महिन्याच्या महिन्याला हप्ता भरणाऱ्याला त्यामागची हमी दिसत नाही. दिसतात ते स्वतःचे कष्ट. ‘मी माझ्या हिमतीवर उभा राहिलो, मग दुसऱ्यासाठी कर का भरू?’ हा प्रश्न तिथूनच येतो.

घर हीच सगळी पुंजी असली की शेजार कोणाचा, हाही राजकीय प्रश्न होतो. घर विकताना किंवा भाड्याने देताना वंशभेद करण्यास मनाई करणारा कायदा कॅलिफोर्नियाने 1963 मध्ये केला. पुढच्याच वर्षी राज्यातल्या मतदारांनी सुमारे 65 टक्के बहुमताने तो निष्प्रभ केला. भाड्याने घर नाकारले गेलेले ऑरेंज काउंटीतले एक कृष्णवर्णीय दांपत्य न्यायालयात गेले आणि 1967 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कौल घटनाबाह्य ठरवला. हक्काची भाषा मालमत्तेची होती, पण तिची झळ कोणाला बसत होती हे उघड होते.

मग आला 1978 चा ‘प्रपोझिशन 13’. घरांच्या किमती भडकल्या, तशी घरपट्टीही. निवृत्तांना ती परवडेना. मतदारांनी ती मूल्याच्या 1 टक्क्यावर बांधून टाकली आणि घर विकले जाईपर्यंत करासाठीचे मूल्य वर्षाला 2 टक्क्यांहून जास्त वाढवायचे नाही, असेही ठरवले. ऑरेंज काउंटीत करविरोध किती मुरला होता, याची परीक्षा पुढे झाली. कोषाध्यक्षांच्या जोखमीच्या गुंतवणुकीत दीड अब्ज डॉलरहून अधिक बुडाले आणि डिसेंबर 1994 मध्ये काउंटीने दिवाळखोरी जाहीर केली. सावरण्यासाठी विक्रीकर अर्ध्या टक्क्याने वाढवण्याचा प्रस्ताव आला. मतदारांनी तो फेटाळून लावला.

वस्ती बदलली, तसा कौलही बदलला. 1975 नंतर व्हिएतनामी निर्वासित वेस्टमिन्स्टर परिसरात स्थिरावले. कम्युनिस्टांनी देशोधडीला लावलेले हे लोक आधी रिपब्लिकनांकडेच वळले. पण लॅटिनो आणि आशियाई कुटुंबे वाढत गेली, पदवीधर मतदार रिपब्लिकन पक्षापासून दुरावू लागले. 2016 मध्ये हिलरी क्लिंटन यांना इथे आघाडी मिळाली. डेमोक्रॅट उमेदवाराला अशी आघाडी 1936 नंतर प्रथमच मिळत होती. 2020 मध्ये मात्र कोरियात जन्मलेल्या दोन रिपब्लिकन महिला, मिशेल स्टील आणि यंग किम, इथून काँग्रेसवर निवडून आल्या. स्थलांतरित म्हणजे डेमोक्रॅट, हे समीकरणही सरसकट चालत नाही.

पक्ष बदलला म्हणून घरमालकाची काळजी संपत नाही. डेमोक्रॅट मरिनमध्येही चित्रपट दिग्दर्शक जॉर्ज लुकास यांना शेजाऱ्यांच्या विरोधामुळे नव्या स्टुडिओचा बेत 2012 मध्ये सोडावा लागला. 2020 मध्ये बायडन यांना सुमारे 63 टक्के मते देणाऱ्या कॅलिफोर्नियाने त्याच दिवशी मोठ्या व्यापारी मालमत्तांची करसवलत काढण्याचा प्रस्ताव नामंजूर केला. घरांना हात लावण्याचे धाडस त्या प्रस्तावातही नव्हते. घरपट्टीची 1978 ची 1 टक्क्याची मर्यादा आजही कायम आहे.