वजनकाट्यापाशी

नालासोपाऱ्यातल्या एका इस्पितळात मावशीच्या उशाशी चार दिवस काढले. बायकांचा जनरल वॉर्ड. दोन खाटांमध्ये जेमतेम एका स्टुलाची जागा. पडदे होते, पण पडद्यानं दिसायचं थांबतं, ऐकू यायचं नाही.

दुपारी समोरच्या खाटेवर पोटदुखीनं वाकलेली एक तरुण बाई आली. सोबत सासू आणि नणंद. सिस्टरनी फाइल उघडली. काय होतंय, कधीपासून, कुठली गोळी सोसत नाही, सगळं मोकळ्या आवाजात विचारलं. उत्तरं सासूच देत होती. मग सिस्टरनी पेन खिशाला लावलं. "चला ताई, वजन करू. काकू, तुम्ही तोवर खाली आधारकार्डाची झेरॉक्स काढून आणा. लेकीलाही न्या सोबत."

वजनकाटा वॉर्डाच्या टोकाला, कपाटाआड. तिथं दोघी पाच-सात मिनिटं होत्या. वजनाला एवढा वेळ लागत नाही.

रात्री मी त्याबद्दल विचारलं. "त्यांचं नाही सांगणार," सिस्टर म्हणाल्या, "एकूण सांगते. कधी पिशवी साफ केली होती का, हे सासूसमोर विचारलं की 'नाही'च ऐकू येतं. आणि त्या 'नाही'वर पुढचे उपचार ठरतात."

वसई-विरारमध्ये त्यात भाषेची भर. कधी सिस्टर केरळच्या, पेशंट सामवेदी, वाडवळी नाहीतर भोजपुरी बोलणारी. मग जवळ असेल त्याला दुभाषा करतात. याच मुक्कामात एका शाळकरी पोराला आईच्या पाळीची तारीख तिला विचारून सांगायला लावलेलं मी पाहिलं. दोघांनीही मान वर केली नाही. मला ते अजून सहन होत नाही.

कायदा आहे. गर्भपात झालेल्या बाईची ओळख डॉक्टरनं उघड केली तर वर्षापर्यंत कैद होऊ शकते. २०२१ च्या दुरुस्तीनं तर या गोपनीयतेसाठी वेगळं कलमच घातलं. एचआयव्हीबाबतचा २०१७ चा कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. संमतीशिवाय कुणाची लागण उघड करायला त्यात, मोजके अपवाद सोडले तर, मनाई आहे. पण फाइल भरताना बसायला दार लागणारी एक खोली हवी, तीच वॉर्डात नसते. ती मिळेपर्यंत सगळा भार सिस्टरांच्या हुशारीवर.

रात्री आठला ड्युटी बदलताना ओव्हर सुरू झाली. ड्युटी संपलेल्या सिस्टर प्रत्येक खाटेपाशी थांबून नव्यानं आलेलीला पेशंटची माहिती देत होत्या. त्या बाईपाशी आल्यावर त्यांनी फाइल उघडून एका ओळीवर बोट ठेवलं. दुसरीनं वाचलं, मान हलवली. मग आवाज चढवून म्हणाल्या, "सलाईन दहाला संपेल, बघ हं."