तीस युनिटवाला महागात, तीनशे युनिटवाला स्वस्तात!

गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर मोखाडा तालुक्यातल्या एका पाड्यावर कायदेविषयक शिबिरासाठी गेलो होतो. शिबिर संपल्यावर एक बाई पदराच्या गाठीतून घडी केलेला कागद काढून पुढे आल्या. विजेचे बिल होते. बाई म्हणाल्या, "वकीलदादा, दिवाळी झाली तशी आम्ही वीटभट्टीवर गेलो. घराला कुलूप. बल्ब लावला नाही, पंखा फिरवला नाही. मग हे पैसे कशाचे?"

बिलावर वापर शून्य युनिट होता. तरीही रक्कम होती. ती चूक नव्हती, कोणी लबाडीही केली नव्हती. ती रक्कम नियमाप्रमाणेच आली होती. म्हणूनच या प्रश्नावर लिहिणे भाग आहे. चूक असती तर एका अर्जाने दुरुस्त झाली असती. नियमच जेव्हा गरिबाच्या अंगावर येतो, तेव्हा एका अर्जाने भागत नाही.

विजेच्या दराची चर्चा आपल्याकडे नेहमी एका ठराविक पद्धतीने होते. दिल्लीत किती, गुजरातेत किती, महाराष्ट्रात किती, असे तक्ते छापून येतात. ते तक्ते खोटे नसतात. दिल्ली सरकारने ऑगस्ट २०१९ पासून महिना २०० युनिटपर्यंतच्या घरगुती ग्राहकाचे बिल माफ केले. कर्नाटकाने २०२३ मध्ये २०० युनिटपर्यंतची गृहज्योती योजना आणली. तामिळनाडूत २०१६ पासून दोन महिन्यांच्या बिलात १०० युनिट मोफत झाले. शेजारच्या गोव्यात पहिल्या १०० युनिटचा दर अनेक वर्षे दोन रुपयांच्या आत राहिला. आणि अगदी उंबऱ्यावरचे उदाहरण हवे असेल तर जव्हारहून सिल्वासाचा रस्ता धरावा. दादरा नगर हवेलीत घरगुती वीज महाराष्ट्रापेक्षा स्वस्त आहे. सीमेच्या अलीकडे वारली, कोकणा आहेत. पलीकडेही वारली, कोकणाच आहेत. बोली तीच, नागली तीच, दारिद्र्यही तेच. फक्त विजेचा दर निराळा! केंद्रीय प्रकल्पांतून मिळणारी वीज आणि मोठ्या कारखान्यांचा प्रचंड वापर, यांमुळे तिथल्या घरगुती ग्राहकाला कमी दर देणे परवडते, हे त्यामागचे कारण.

आता महाराष्ट्राच्या आत पाहू. मुंबई शहरात बेस्ट, उपनगरांत अदानी आणि टाटा, आणि उरलेल्या महाराष्ट्रात महावितरण. प्रत्येकाचा दर महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग वेगवेगळा ठरवतो. बेस्टच्या ग्राहकाला पहिल्या १०० युनिटसाठी महावितरणच्या ग्राहकापेक्षा कमी दर पडत आला आहे. म्हणजे दक्षिण मुंबईतल्या सदनिकेत पहिले १०० युनिट स्वस्त आणि मोखाड्याच्या कारवीच्या कुडाच्या घरात तेच १०० युनिट महाग! २००५ नंतरच्या भारनियमनाच्या काळात हीच मुंबई बहुतांशी उजेडात होती आणि खेड्यापाड्यांत तासन् तास अंधार होता. ज्या भागात वीजगळती जास्त आणि वसुली कमी, त्या भागात अंधार जास्त, असे त्याचे सूत्र होते. गरिबीलाच गुन्हा ठरवून शिक्षा देणारे हे सूत्र होते, असे म्हटले तर काय चुकले?

आणि ही वीज येते कुठून? याच पालघर जिल्ह्यातल्या तारापूरला १९६९ पासून अणुवीज केंद्र आहे. डहाणूला ५०० मेगावॅटचे औष्णिक केंद्र आहे आणि ते प्रामुख्याने मुंबईच्या उपनगरांसाठी चालते. मोखाड्याच्या मध्य वैतरणा धरणाचे पाणीही मुंबईलाच जाते. राख, धूर आणि विस्थापन जिल्ह्याच्या वाट्याला. उजेड आणि पाणी राजधानीच्या वाट्याला. यालाच दिव्याखाली अंधार म्हणतात.

परंतु वाचकहो, केवळ प्रदेशाप्रदेशांतले दर मोजून थांबलो, तर खरा अन्याय नजरेआड होतो. महावितरणच्या क्षेत्रात ठाण्याचा बंगला आणि मोखाड्याचे झोपडे यांना एकच दरपत्रक लागू आहे. वरवर पाहता ही समताच! ती कशी आहे, हे आकड्यांनीच तपासू.

आयोगाने ३१ मार्च २०२३ च्या आदेशाने २०२४-२५ या वर्षासाठी ठरवलेले दर घ्या. पहिल्या १०० युनिटला वहन आकारासह ५ रुपये ८८ पैसे. १०१ ते ३०० युनिटला ११ रुपये ४६ पैसे. ३०१ ते ५०० युनिटला १५ रुपये ७२ पैसे. शिवाय सिंगल फेज जोडणीला महिना १२८ रुपये स्थिर आकार. वीज वापरा वा न वापरा, हा द्यावाच लागतो. इंधन समायोजन आणि १६ टक्के वीज शुल्क तूर्त बाजूला ठेवू.

महिना ३० युनिट वापरणारे घर. विजेचे १७६ रुपये ४० पैसे, स्थिर आकार १२८. एकूण ३०४ रुपये ४० पैसे. म्हणजे युनिटला सरासरी १० रुपये १५ पैसे.

महिना १०० युनिट वापरणारे घर. विजेचे ५८८, स्थिर आकार १२८. एकूण ७१६. म्हणजे युनिटला ७ रुपये १६ पैसे.

महिना ३०० युनिट वापरणारे घर. फ्रीज आहे, वॉशिंग मशीन आहे. विजेचे २,८८०, स्थिर आकार १२८. एकूण ३,००८. म्हणजे युनिटला १० रुपये ३ पैसे.

पुन्हा वाचा. ३० युनिटवाल्याला युनिट पडते १० रुपये १५ पैशांना आणि ३०० युनिटवाल्याला १० रुपये ३ पैशांना. जास्त वापरणाऱ्याला जास्त दर, हे टप्प्यांच्या दराचे तत्त्व कागदावर राहिले आणि स्थिर आकाराने ते उलटे करून टाकले.

आता त्या बाईंचे घर घ्या. जव्हार-मोखाड्यात नव्वद टक्क्यांहून अधिक लोक आदिवासी. भात, नागली, वरई पावसावर होते. ते सरले की भिवंडी, वसई, वाड्याच्या वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर जायचे. सात महिने घराला कुलूप, पाच महिने घरात माणसे. पाच महिन्यांत दरमहा ३० प्रमाणे १५० युनिट वापर. त्याचे ८८२ रुपये. बारा महिन्यांचा स्थिर आकार १,५३६ रुपये. वर्षाचे २,४१८ रुपये. युनिटला १६ रुपये १२ पैसे! वातानुकूलन यंत्र चालवणाऱ्याला ३०१ ते ५०० च्या टप्प्यात जो १५ रुपये ७२ पैसे दर लागतो, त्याहून हा महाग. एकच दरपत्रक, पण पोट भरायला गाव सोडणाऱ्याला राज्यातली महाग वीज!

यावर कोणी म्हणेल, गरिबांसाठी दारिद्र्यरेषेखालील ग्राहकांचा स्वतंत्र वर्ग आहे ना? आहे. तिथे दर बराच कमी आहे, हे मान्य केलेच पाहिजे. पण त्याच्या अटी पाहा. मंजूर भार पाव किलोवॅटपर्यंत हवा आणि वर्षाचा वापर ३६० युनिटच्या आत हवा. म्हणजे दिवसाला एक युनिट. हिशेब करा. एलईडीचे चार बल्ब पाच तास, एक पंखा आठ तास, लहानसा टीव्ही तीन तास, की एक युनिट संपले. मुलगी दहावीला आहे, रात्री जागून अभ्यास करते. घरात म्हातारा आजारी आहे, पंखा दिवसाही लागतो. तर हे घर ३६० च्या पुढे जाणारच. आणि एकदा पुढे गेले की नियम म्हणतो, पुढच्या काळात वापर कितीही कमी झाला तरी त्या वर्गात परत येता येणार नाही! एका वर्षी लेकीच्या परीक्षेसाठी दिवा जास्त जळला, त्याची शिक्षा कायमची. फौजदारी कायद्यातसुद्धा शिक्षा भोगून झाली की माणूस सुटतो.

कायद्याचा मार्ग बंद आहे काय? नाही. विद्युत कायदा, २००३ च्या कलम ६२(३) नुसार आयोगाने कोणा ग्राहकाला अवाजवी झुकते माप देऊ नये, परंतु भौगोलिक स्थान, वापर आणि वापराचा हेतू पाहून दरात फरक करता येतो. कलम ६५ नुसार राज्य सरकार एखाद्या वर्गाला सवलत देऊ शकते, फक्त ती रक्कम सरकारने आगाऊ भरली पाहिजे. आणि सरकार तशी रक्कम देतेही! २०१६ पासून विदर्भ, मराठवाडा, उत्तर महाराष्ट्र आणि मागास गटांतल्या उद्योगांना वीजदरात सवलत मिळाली. यंत्रमागांना मिळाली. २०२४ मध्ये साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना मोफत वीज जाहीर झाली. शेतकऱ्याला मिळाले त्याचा आनंदच आहे. पण ज्याच्या उतारावरच्या तुकड्यात विहीर नाही, पंप नाही, त्या जव्हारच्या वरईवाल्याला त्यातले काय मिळाले? प्रदेश पाहून कारखान्याला सवलत देता येते, तर प्रदेश पाहून घरातल्या चार दिव्यांना का देता येत नाही?

राज्यघटनेचे कलम ३८(२) राज्याला सांगते की, विषमता केवळ व्यक्तीव्यक्तींमधली नव्हे, तर वेगवेगळ्या भागांत राहणाऱ्या लोकसमूहांमधलीही दूर करा. जव्हार आणि मोखाडा हे पाचव्या अनुसूचीतले क्षेत्र आहे. चमेली सिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निवाऱ्याच्या हक्कात विजेचाही समावेश केला. एवढे असताना, या दोन तालुक्यांसाठी वेगळा विचार म्हणजे उपकार नव्हे, घटनेचे पालन होय.

बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात श्रममंत्री होते आणि विजेचे खाते त्यांच्याकडे होते. २५ ऑक्टोबर १९४३ रोजी वीजविषयक धोरण समितीपुढे त्यांनी प्रश्नच असा मांडला की वीज खाजगी हाती असावी की सरकारच्या, आणि ती लोकांना स्वस्त व मुबलक कशी मिळेल. वीज हे त्यांच्या दृष्टीने दारिद्र्यातून बाहेर पडण्याचे साधन होते, नफ्याचा माल नव्हे. २०२१ मध्ये १४ एप्रिल ते ६ डिसेंबर या काळात त्यांच्या नावाने जीवनप्रकाश योजना आली आणि ५०० रुपये अनामत, तीही हप्त्याने, भरून अनुसूचित जाती-जमातींच्या घरांना जोडणी मिळाली. जोडणी मिळाली हे चांगलेच झाले. पण जोडणी देऊन दर परवडणार नसेल, तर तो दिवा उद्घाटनाच्या फोटोपुरताच पेटतो.

म्हणून मागण्या स्पष्ट असाव्यात. अनुसूचित क्षेत्रात ज्या महिन्यात वापर शून्य, त्या महिन्याचा स्थिर आकार माफ व्हावा. ३६० युनिटची मर्यादा १,२०० करावी. एकदा बाहेर तो कायमचा बाहेर, ही अट रद्द व्हावी. त्याचा बोजा दुसऱ्या ग्राहकावर न टाकता कलम ६५ नुसार सरकारने उचलावा. आणि आयोगाची एक तरी जनसुनावणी जव्हारला व्हावी. नवी मुंबईच्या सभागृहापर्यंत पाड्यावरची बाई मजुरी बुडवून कशी पोहोचणार?

कार्यकर्त्यांनीही आपले काम ओळखावे. कलम ६४ नुसार दरवाढीच्या प्रस्तावावर कोणालाही सूचना व हरकती देता येतात, मराठीतून देता येतात, वकील लागत नाही. उद्योजकांच्या संघटना गठ्ठ्याने हरकती देतात, म्हणून त्यांचे ऐकले जाते. प्रत्येक पाड्यावर बिले गोळा करा. बिलावरचा दरवर्ग वाचून दाखवा. भार आणि वापर अटीत बसत असूनही साधा दर लागला असेल, तर लेखी अर्ज द्या. दाद लागली नाही तर कलम ४२ नुसार ग्राहक तक्रार निवारण मंच आणि त्यावर विद्युत लोकपाल आहेत. थकबाकीसाठी जोडणी तोडण्यापूर्वी कलम ५६ प्रमाणे पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते, हे घराघरात ठाऊक हवे.

त्या बाईंना मी त्या दिवशी हिशेब समजावून सांगितला. त्यांनी शांतपणे ऐकले आणि विचारले, "म्हणजे आम्ही गाव सोडला, त्याचाच दंड ना?" माझ्यापाशी कलमे होती. या प्रश्नाला 'नाही' म्हणता येईल असे एकही कलम मला सापडले नाही.